नाव कापलेला कागद

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे बापा! वरूडच्या बस स्टँडासमोर नगमाचं नेट कॅफे होतं, त्याच्या दाराशी टांगलेला. आणि आधीच सांगून ठेवतो, त्या सकाळचा धक्का मला अजून पचलेला नाही.

जन्म माझा संत्र्याच्या पेट्यांतून झाला. त्या वर्षांत विहिरींचं पाणी पार तळाला गेलं होतं, लोक उभ्या बागा तोडत होते आणि शफीकभाईंच्या पॅकिंगच्या आवारात रिकाम्या पेट्यांचा ढीग पडून होता. त्यांच्या लेकीनं, नगमानं, चार पेट्या फोडून त्यांच्या फळ्या ठोकल्या आणि मला केलं.

नगमाला वाचायचं भारी वेड. कॉम्प्युटरवर कुठले कुठले लोक ब्लॉग लिहीत. कुणी उखाण्यांवर, कुणी दर्ग्याच्या जुन्या नक्षीवर, कुणी बायका उपवास नेमका कोणासाठी करतात यावर. आवडलं की ही पोरगी छापायची आणि माझ्या अंगात खिळा ठोकायची. दुखायचं मला. पण चहाचा कप हातात घेऊन माणसं वाचत उभी राहिली की मी फुगायचो.

एक खोड मात्र होती. शफीकभाईंच्या आवारात संत्रं कोणाच्याही बागेतलं असो, पेटीवर मार्का त्यांचाच. तेच पाहत वाढलेली पोरगी! कागदाच्या खालच्या पट्टीवर लिहिणाऱ्याचं नाव असायचं, ती पट्टी कात्रीनं उडवायची आणि दुकानाचा शिक्का मारायची. रोज चहाला येणारे वामनराव मास्तर म्हणायचे, "काय लिवते पोट्टी!" ती नुसती हसायची. मीही गप्प. माझ्या पाठीवरही मार्काच होता ना.

एका सकाळी मास्तर नवा कागद मोठ्यानं वाचू लागले. पॅकिंगला निघालेली दुर्गाबाई डबा हातात घेऊन ऐकत थांबली. आवारात संत्री निवडायचं काम करायची ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक अकोल्याला दिलेली, आणि लग्नानंतर दोन वर्षांत ती एकदाही माहेरी फिरकली नव्हती. कोणी विचारलं तर दुर्गाबाई म्हणायची, "कामं राह्यतात तिले."

मास्तर वाचत होते, "माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझी आई आत, बुंदीच्या टोपल्यांजवळ बसून होती. लोकांना सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. खरं म्हणजे विधवा समोर नको, असं सासरचे म्हणाले होते, आणि ते आईला जाऊन सांगितलं मी. ती नुसती 'बरं' म्हणाली. आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ?"

मास्तर एकदम थांबले. त्या लग्नातली बुंदी त्यांनीही खाल्ली होती. अरे देवा! गावाला आजवर ती डोकेदुखीच माहीत होती, आणि मी, मी ती भर स्टँडावर उघडी पाडली होती!

"कावून थांबले मास्तर? वाचा नं," दुर्गाबाई म्हणाली.

मास्तर कागदासमोरून बाजूला सरले. ती तडक आत गेली.

"नगमा, हे कोनं लिवलं? कागद खालून कापलेला दिसते, ते पट्टी कुठं हाय?"

नगमाचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, मले आवडलं म्हणून लावलं. अल्ला कसम, मले मालूम नव्हतं." कचऱ्याची टोपली उपसून तिनं पट्टी काढली. आरती, अकोला. दुर्गाबाईनं अक्षरांवर बोट ठेवत ती दोनदा वाचली.

मला वाटलं, आता ही मला फोडून चुलीत घालणार. घालावंच, असंही वाटलं.

"इथून तिले उत्तर देता येते का वं?"

"येते काकू. तुमी सांगा, मी टाइप करते."

"लिव. पोरी, त्या दिवशी माहं डोकं खरंच दुखत होतं. बुंदी मस्त झाली होती. संत्रं तुटायच्या आंधी घरी ये."

"खाली नाव काय टाकू?"

"माय." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आन् ते पट्टी लाव परत. माह्या लेकीनं लिवलं, तिचं नाव कावून कापलं?"

नगमानं डोळे पुसत पट्टी चिकटवली, उत्तरही छापून त्याच्याखाली लावलं. मास्तरांना सांगून टाकलं की आजवरचं एकही अक्षर तिचं नव्हतं. त्यानंतर माझ्यावरच्या कागदाला कात्री लागली नाही.

आठवड्यानं अकोल्याच्या एसटीतून एक तरुण बाई उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आपला लेख, आपलं नाव, खालचं उत्तर, सगळं तिनं वाचलं. "खोटारडी हाय माही माय," एवढंच म्हणाली आणि रडत रडत पॅकिंगच्या आवाराकडे धावत सुटली.

आता कॅफे बंद झालं, नगमा लग्न होऊन बार्शीटाकळीला गेली. मी आवारात ओल्या भिंतीला टेकून पडलोय, वाळवी गुडघ्यापर्यंत चढली आहे. जेवणाच्या सुट्टीत मजूर माझ्या बाजूला बसून फोनवर लेख इकडून तिकडे पाठवतात, नाव उडवून! ते पाहिलं की मी पुन्हा हादरतो. अरे, आवडलं तर वाटा, खुशाल वाटा. पण खालची पट्टी राहू द्या. कोणाची तरी माय ती शोधत येईल.