वाकड्याचं बी

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा वाडगा आहे. कडेचा टवका गेलाय, बुडाला तडा आहे. नाक मुरडू नका! या घराची चव माझ्या पोटातून गेली. ती कशी गेली, हे माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो काही बोलणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. चांगला भाजून निघालो आणि निळी कड मिरवत दुकानात बसलो. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोनं मला घरी आणलं. ती कारखान्यात गणवेश शिवायची. घरामागे वीतभर अंगण होतं आणि त्यात तिची टोमॅटोची झाडं.

टोमॅटोच्या बाबतीत बाई भारी चिकित्सक! दरवर्षी दोन-तीन वाण शेजारी शेजारी लावायची. फळ झाडावरच पुरतं पिकू द्यायची आणि रंग धरला की पाणी कमी करायची, नाहीतर म्हणे चव पातळ होते. मग फोडी माझ्यात ठेवून नवऱ्याला बोलवायची.

"डोळे मिटा. आणि मीठ मागू नका. मिठाबरोबर काय, कुठलाही चांगला लागतो."

"अगं, पण तो गोल, तुकतुकीत बघ ना. झाडाला लागतातही किती!"

"दिसायला देखणा आणि चवीला पाणी. नवरा निवडताना फसले, टोमॅटो निवडताना नाही फसायची."

तो डोळे मिटूनच हसायचा. जिंकायचा दरवेळी एकच. त्याचं नाव त्यांनी वाकड्या ठेवलं होतं. देठाशी तडकलेला, पातळ सालीचा, बाजारात कुणी फुकटसुद्धा घेतला नसता. पण तोंडात टाकला की आधी आंबट, मागून गोड, आणि मग दोघांचेही हात एकदमच पुढच्या फोडीकडे जायचे.

वाकड्याचं बी धरायचं काम माझं. उत्तम फळाचा गर बियांसकट माझ्यात पिळायचा, थोडं पाणी घालायचं आणि आंबू द्यायचं. वर पांढरी साय धरते, वास तर असा सुटतो की विचारू नका! पण त्यानंच बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं आणि चांगलं बी तळाला बसतं. तोवर माझ्यावर लाकडी चमचा आडवा ठेवलेला असायचा. चमचा आडवा असला की वाडग्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुढे बाईला दुखणं आलं. अन्न जाईना. वाकड्याचा रस तेवढा ती चमच्यानं घ्यायची. "याचं बी बुडू देऊ नका हं," ती म्हणाली. "नाही बुडू देणार," तो म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

तिच्यामागे त्याला अंगणात पाऊल टाकवेना. पुडीतलं बी डब्यात तसंच पडून राहिलं, दमट झालं. शेवटी त्यानं धीर करून होतं नव्हतं ते सगळं पेरलं, तर एकच रोप आलं. त्याची फळं किडींनी आणि पाखरांनी खाल्ली. एक वाचलं. ते त्यानं जुन्या सदऱ्याच्या फडक्यात बांधून राखलं. पिकल्यावर जिभेलासुद्धा लावलं नाही, तसंच माझ्यात पिळलं. वर चमचा आडवा ठेवला.

त्याच सुमाराला मुलगा आणि सून कायमचे राहायला आले. सून मनानं चांगली, हे आधीच सांगून ठेवतो. आल्या आल्या पदर खोचून तिनं स्वयंपाकघर काढलं घासायला. मला उचललं आणि नाक दाबलं.

"अगं बाई! हे काय सडवून ठेवलंय?"

मी काय ओरडणार? भांडं आपटलं तरच वाजतं. तिनं मला मोरीत पालथं केलं, वरून कढत पाणी ओतलं आणि घासून घासून लख्ख केलं. चमचाही धुतला. इतका स्वच्छ मी जन्मात झालो नव्हतो.

तो आत आला. "बघा बाबा, कसा चकाचक केलाय!"

त्यानं मला हातात घेतलं. "यात होतं ते?"

"ओतून दिलं. बाबा, तुमच्या पोटात गेलं असतं म्हणजे?"

तिच्या कपाळावर घाम होता, हात पोळून लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत राहिला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

मग बाहेर जाऊन त्यानं गटाराची जाळी काढली आणि कोपरापर्यंत हात घातला. डोळ्याला भिंग लावून इवलेइवले स्क्रू शोधणारा तो हात. त्याला नुसता साबणाचा फेस लागला.

"काय हरवलं, बाबा?" तिनं खिडकीतून विचारलं.

"काही नाही गं. स्क्रू पडला एक."

पुढच्या हंगामात अंगणात गोल, तुकतुकीत टोमॅटो लागले. ढिगानं लागले. सुनेनं फोडी करून माझ्यात घातल्या, वर मीठ भुरभुरलं. एक खाऊन ती थांबली.

"बाबा, मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा आईंनी तो वाकडा टोमॅटो दिला होता, आठवतंय? तो लावू या ना. आईंनी बी ठेवलं असेल कुठेतरी."

त्यानं डोळे मिटले आणि फोड तोंडात घातली. "बघू," म्हणाला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याच्या भांड्यातलं ओतून देण्याआधी एकदा विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं नुसत्या चमच्यावर भरवसा ठेवू नये, तोंडानं सांगावं.

सूनबाई अजून बी शोधते आहे. फडताळातला एकेक डबा उघडून झाला. काल तिनं मला उचलून माझ्या बुडाखाली पुडी आहे का, तेही पाहिलं. मग मला धुऊन, पुसून जागेवर ठेवून दिलं.