पिवळेबाबांचं लाल फडकं

केनवडच्या रस्त्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हळद शिजवायचं काम ऐन भरात होतं, शेतात कढया तापलेल्या होत्या, तरी अर्धं गाव काम टाकून इथे आलं होतं. समोर साक्षात पिवळेबाबा बसले होते. धोतर पिवळं, उपरणं पिवळं, कपाळही पिवळं. बाबा उतरवत ते खास दुखणं एकच, पोरीबाळींची पाळी. ज्या विषयावर गावात आई लेकीशी धड बोलत नाही, त्यावर हा मिशाळ माणूस माईक लावून बोलत होता, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

रीत सोपी होती. पोरीच्या तळहातावर पिवळं फडकं ठेवायचं, डोळे मिटून पुटपुटायचं आणि तांब्यातलं तीर्थ वर ओतायचं. फडकं बघता बघता लालभडक होई. मग बाबा गर्जत, "रक्ताची वाट बांधली! बाहेरच्या हवेनं बांधली!" बायकांच्या अंगावर काटा येई. आणि पुढच्या खेपेला दक्षिणा पोचली की बाबा त्याच फडक्यावर लिंबू पिळत, लाल रंग विरे, बाधा उतरे.

धम्मदीपाच्या हातावरचं फडकंही लाल झालं. दीपा बारावीतली, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरगी. आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून ती मोठ्या मायजवळ, म्हणजे थोरल्या काकूजवळ राहायची. ही मोठी माय म्हणजे दुर्गाबाई. विहारात बायकांची बैठक असली की अंगारे-धुपारे करणाऱ्यांना हिच्याइतकं कुणी झोडपत नसे. आज मात्र ती पदर नाकापर्यंत ओढून शेवटच्या रांगेत बसली होती. नुसतं बघायला आली होती म्हणे.

दुर्गाबाईचा जीव घाबरला होता, हे खरं. पोरीची पाळी दिवाळीपासून आली नव्हती, आणि ही गोष्ट विचारायची कुणाला? बाबांनी न विचारताच निकाल दिला. धावणं बंद. एकभुक्त राहायचं. आणि लवकर उजवून टाका, म्हणजे हवा आपोआप सुटेल.

घरी येताच दुर्गाबाईने दीपाचे बूट ज्वारीच्या कोठीत टाकले आणि वर झाकण लावून त्यावर स्वतःच बसली. दीपाला रडू फुटलं. भरती उन्हाळ्यात होती. आता धावणं सुटलं की सगळं सुटलं, आणि मागच्या दाराने एखादं स्थळ येऊन बसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

एक गोष्ट मात्र दीपाने मोठ्या मायला सांगितली नव्हती. वजन कमी असलं की पाय हलके पडतात, असं मैदानावरच्या पोरांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. तेव्हापासून सकाळी नुसता कोरा चहा, आणि रात्रीची भाकर ओढणीआड नेऊन शेळीला. शेळी अशी गुटगुटीत झाली होती की शेजारपाजारच्या बायका तिचा खुराक विचारायला येत. दुर्गाबाई अभिमानाने म्हणायची, "हातगुण हाये माहा."

संध्याकाळी दीपा फुरंगटून धुणं धुवायला बसली. दुर्गाबाई हळदीच्या कामावर जायची, तिचं लुगडं पिवळंजर्द झालेलं. दीपाने साबण घासला. पिवळं लुगडं लालभडक झालं. रोजच होई. हळदीच्या हाताला साबण लागला की लाली येते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दीपाचा हात थांबला. तिने स्वयंपाकघरातून लिंबू आणून त्या लाल डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा. ती एकटीच खदखदून हसायला लागली. ज्या गावाच्या नखानखात हळद भरलेली, त्या गावाला हळदीनेच गंडवावं, म्हणजे बाबांच्या हिमतीला दाद द्यायला हवी.

तिने मोठ्या मायपुढे अट ठेवली. बाबा खरे ठरले तर ती बूट मागणार नाही. खोटे ठरले तर दुर्गाबाईने तिला घेऊन रिसोडच्या डॉक्टरकडे यायचं. दुर्गाबाईने खूप आढेवेढे घेतले आणि हो म्हणाली.

पुढच्या मंगळवारी मोठ्या मायला मागे बसवून दीपा गर्दीतून सरळ पुढे गेली. बाबांच्या शेजारी शेषराव बसलेले, गावचे माजी उपसरपंच. पिवळ्या फडक्यांची चळत सांभाळायचं मानाचं काम त्यांनी स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते, तेवढ्यात दीपाने चळतीतलं कोरं फडकं उचलून शेषरावांच्या तळहातावर ठेवलं आणि तांब्या उचलून तीर्थ ओतलं.

फडकं लालभडक.

दीपाने अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "शेषरावमामा, तुमची कधीपासून अडली?"

पहिली हसली ती कोपऱ्यातली एक म्हातारी. मग सगळी शेड हसली. शेषरावांनी फडकं फेकलं आणि हात धोतराला पुसायला लागले, तर धोतरही लाल. बाबा म्हणाले, ही पोरगी झपाटलेली आहे, तिला धरा. पण धरायला उठली ती दुर्गाबाई. पदर मागे टाकून ती पुढे आली, तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. तंबाखूची जुनी शौकीन ती.

"हे तं चुन्याचं पानी हाये," ती म्हणाली. "अन् फडकं हळदीचं. माहं लुगडं रोज लाल होते, मले काहून नाही समजलं बाप्पा?"

बाबांना त्याच वेळी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. शेषराव त्यांना सोडायला गेले नाहीत.

रिसोडच्या डॉक्टर कृतिका मारवाडी जैन दुकानदाराच्या घरातल्या. त्यांनी रक्ताच्या आणि इतर तपासण्या केल्या, दुसरं काही कारण नाही ना ते पाहिलं, आणि मग दुर्गाबाईला बाहेर बसवून दीपाला साधा प्रश्न विचारला. जेवतेस काय? शेळीची हकिकत तिथे बाहेर आली. मग त्यांनी दुर्गाबाईला आत बोलावून दोघींना समजावलं.

"दुकानात येणं कमी अन् जाणं जास्त झालं की आपण आधी काय थांबवतो? ज्याच्यावाचून आज भागते ते. शरीर तेच करते. एवढं धावायचं अन् पोटात काही नाही, तर मेंदू म्हणतो, पाळी राहू द्या, आधी जीव चालवू. यात हवा नाही अन् बाधा नाही. पण असंच चाललं तर हाडं कच्ची होतील."

दुर्गाबाईने भीतभीत विचारलं, "मंग धावणं बंद करू काय तिचं?"

"धावणं नाही, उपाशी धावणं बंद करा. सध्या थोडं कमी धावू द्या, आठवड्यात एक दिवस आराम. भाकर, वरण, शेंगदाणे, अंडी, दूध पोटभर. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या एकदोन वर्षांत मागेपुढे होते, पण तीन महिने आली नाही तर बाबाकडे नाही, डॉक्टरकडे यायचं."

घरी आल्यावर दुर्गाबाईने कोठीत हात घालून बूट काढले, त्यातली ज्वारी झटकली आणि दीपापुढे ठेवले. "मले सांगितलं असतंस तं," ती म्हणाली. मग तिलाच कळलं की सांगावं असं घर तिने ठेवलंच नव्हतं, आणि तिचे डोळे भरले.

उन्हाळ्याच्या तोंडावर दीपाची पाळी आली. दुर्गाबाईने ही बातमी ओट्यावर उभं राहून साऱ्या आळीला सांगितली, दीपा लाजून आत पळाली तरी. तेव्हापासून ती दीपाच्या ताटासमोर ठाण मांडून बसते, शेवटचा घास जाईपर्यंत उठत नाही. शेळी रोडावली आहे. तिला कुणाची नजर लागली, अशी कुजबुज आळीत आहेच.

तर मंडळी, फडकं लाल झालं की हात जोडण्याआधी तांब्यात काय आहे ते बघा. आणि पोरीची पाळी चुकली की तिला गर्दीसमोर बसवू नका. शेजारी बसा, आणि आधी विचारा, जेवलीस का गं?