कडजाईच्या सुळक्यावरचे जोडे

देवाच्या दारी पादत्राणे उतरवावीत, हा आचार आहे. आणि मिळालेला देह जपावा, हाही धर्मच आहे. सपाट जमिनीवर या दोहोंचे कधी वाकडे येत नाही. माणूस जोडे काढतो, हात जोडतो आणि जोडे घालून घरी जातो. पण जिथे देवाचे दारच उभ्या कड्याच्या माथ्यावर असते आणि उंबरठ्यापर्यंत पोचण्यातच पायांचा सगळा कस लागतो, तिथे दोन्ही एकाच वेळी पाळणे अवघड होऊन बसते. अशा वेळी कोणातरी एकाला नम्रपणे, पण न वाकता, उभे राहावे लागते. ताम्हिणीच्या अलीकडे, कडजाईच्या वाडीत, ही पाळी रेश्मावर आली.

कडजाईचा सुळका वाडीच्या पाठीशीच आहे. सात-आठ पुरुष उंचीचा काळा कातळ, माथ्यावर देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला अनघड पाषाण, आणि त्याच्या शेजारी निशाणाची काठी. नवरात्रातल्या अष्टमीला जुने निशाण उतरवून नवे बांधायचे, हा रेश्माच्या घराण्याचा मान. दोर वर न्यायचा तो केवळ उतरण्यासाठी; चढताना देवीवाचून दुसरा आधार घ्यायचा नाही. वाडीच्या शेवटाला पायताणाचा धोंडा आहे, तिथे वहाणा सोडायच्या, शेजारच्या धुनीची राख तळव्यांना चोळायची आणि अनवाणी निघायचे. आधी ओल्या गवताची घसरण, मग कातळ. त्या मुलखातला पाऊस असा की अष्टमी आली तरी कातळावरचे शेवाळ पुरते वाळलेले नसते.

गेल्या अष्टमीला तिचे वडील कैलास मधल्या टप्प्यावरून सुटले. खालच्या कारवीच्या जाळीने झेलले म्हणून जीव राहिला, पण उजवा घोटा वाकडा तो वाकडाच झाला. निशाण वर्षभर जुनेच राहिले. त्याच्या चिंध्या अंगणातून दिसत, आणि कैलास अंगणात बसताना सुळक्याकडे पाठ करून बसत.

घरात रेश्मा एकुलती एक. भुकूमच्या एका नव्या वसाहतीत ती मुलांना पार्कोर शिकवी. म्हणजे भिंती ओलांडणे, कठड्यावरून कठड्यावर झेप घेणे आणि पडलेच तर गोल होऊन पडणे. "पोरगी चढणार?" अशी कुजबुज वाडीत सुरू झाली, तेव्हा देवीची सेवा करणाऱ्या वृद्ध गंगूबाईंनी, "वर बसलीया ती काय बाप्या हाय?" एवढेच विचारून ती मिटवली. उरली एक अट. चढायचे ते रीतीने, अनवाणी. रीत मोडली तर मान भावकीतल्या नथूतात्यांच्या घराकडे जाणार.

उद्धटपणाने आरंभ करणे रेश्माच्या स्वभावात नव्हते. तिने आधी पायथ्याशी अनवाणीच दोन-तीन हात चढून पाहिले. ओल्या कातळाने तळवे गारठले, बधिर झाले, आणि पाय कुठे टेकला आहे हेच कळेनासे झाले. मग तिने पार्कोरचे पातळ, सपाट तळाचे बूट घातले. कातळावर ते चिकटून राहिले, पण गवताच्या घसरणीवर ती दोनदा बसकण मारून खाली आली. एका मैत्रिणीचे ट्रेकिंगचे बूट आणले. त्यांच्या खोल दातांनी चिखल उत्तम धरला. परंतु बोटभर रुंदीच्या खाचेवर त्या जाड, ताठ तळाने तिला दगड जाणवूच दिला नाही. एकाला कातळ कळत होता, दुसऱ्याला माती. तिला दोन्ही कळणारा जोड हवा होता.

पुण्यातल्या बुटांच्या एका दुकानात ती एका पिशवीत दगड घेऊन गेली. दुकान चालवणारा निरंजन स्वतः सुट्टीच्या दिवशी कडे चढणारा होता. त्याने दगड टेबलावर ठेवलेला पाहिला.

"ताई, हे काय?"

"आमच्या सुळक्याचा तुकडा. ओढ्यात पडला होता. जरा पाणी मिळेल?"

"लोक देवाला जातात, तुम्ही देवालाच घेऊन आलात," असे म्हणत त्याने तांब्या आणून दिला.

तिने दगड भिजवला आणि एकेका बुटाचा तळ त्यावर दाबून, रेटून पाहू लागली. सर्वांत देखणा जोड सर्वांत आधी घसरला.

"पण दिसतो छान," निरंजन म्हणाला.

"मी काय मुलगा बघायला आलेय?"

तो हसला आणि फळीवरून एक साधा राखाडी जोड काढून आणला. अंगठ्याखाली सपाट, मऊ रबर. मध्ये उथळ, गोल ठिपके. टाचेकडे खोल खाचा. ओल्या दगडावर तो रेटला, तेव्हा बुटाऐवजी दगडच टेबलावरून सरकला. रेश्माने पाय घालून पाहिला. टाच उचलत नव्हती. दुकानातल्या उतरत्या फळीवर उभे राहिले तरी नखे पुढे टेकत नव्हती.

"एक सांगून ठेवतो," निरंजन म्हणाला. "हिरव्या शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही. धरतो असं सांगेल तो विकायला बसलाय. शेवाळ टाळायचं, आणि तळ स्वच्छ ठेवायचा. नुसती धूळ बसली तरी हे रबर साबणासारखं होतं."

हे तिला ठाऊक होते. वसाहतीतल्या मुलांना ती पहिला नियम हाच शिकवी: झेप घेण्याआधी तळ पुसा.

पलीकडच्या ओढ्यातल्या खडकांवर चढउतर करून तिने ते बूट पायात मुरवले, धुतले आणि वडिलांच्या उपरण्यात गुंडाळून ठेवले.

अष्टमीच्या सकाळी वाडी धोंड्यापाशी जमली. रेश्माने वहाणा काढल्या, उपरणे सोडले आणि बूट बाहेर काढले. मग नथूतात्या पुढे आले.

"ह्ये काय?"

"बूट, तात्या."

"डोळे हायेत मला. धोंड्याच्या फुडं पायताण न्हाई जात."

"माझं जाणार हाय."

नथूतात्या वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या आजांनीही एकदा हे निशाण बांधले होते, आणि रीत मोडताना पाहणे त्यांना खरोखरच जड जात होते. ते धुनीकडे वळले. मग त्यांनी मूठभर राख घेतली.

"बरं. अपघात झालाय, समजतंय मला. बूट घाल. पर ही राख तळाला चोळ, मंजी देवीचं देवीला पोचलं. मान तुझ्याच घरी ऱ्हाईल."

वाडीने सुटकेचा निःश्वास टाकला. कैलासांचे डोळे पाणावले.

"लाव, पोरी. तात्या येवढं खाली आलंत. चिमूटभर तर हाय."

होकार किती सोपा होता. राख लावायची, दोन पावले गेल्यावर गुपचूप पुसायची. पण देवीच्या दारात पहिलेच पाऊल कपटाचे टाकायचे, हे तिच्याने होईना.

"अण्णा, तुमी राख का लावायचा?"

"देवीची म्हणून."

"आन्?"

कैलास घुटमळले. "घाम टिपती. पाय धरतो."

"तळव्याला धरती, रबराला सोडती. पाय धरावा म्हणून जी लावायची, ती पाय सुटावा म्हणून लावू?" मग ती नथूतात्यांकडे वळली. "न्हाई लावणार, तात्या. मान न्या तुमच्या घरी. पर पुढच्या साली तुमच्या शेखरला अनवाणी वर जाऊ देणार न्हाई मी. ह्याच धोंड्यावर आडवी बसंन."

"लई शिकलीस," नथूतात्या म्हणाले.

त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा मुलगा शेखर आपल्या पायांकडे पाहत होता.

रेश्माने तात्यांच्या मुठीतली राख चिमटीत घेतली, कपाळाला लावली, धोंड्याला नमस्कार केला आणि तिथेच बसून नाड्या आवळल्या.

गवतावर टाचेच्या खाचा रुतत गेल्या. कातळाशी पोचल्यावर तिने दोन्ही तळ पोटरीवर घासून पुसले आणि चढू लागली. वाडी खालून पाहत होती. मधल्या टप्प्यावर, जिथे कैलास सुटले होते तिथे, हिरवा ओघळ चकाकत होता. सरळ वाट त्यातूनच होती. ती थांबली. डावीकडे हातभर अंतरावर बोटभर कोरडी कड होती. तिथपर्यंत पाय न्यायचा तर क्षणभर सारा भार एका अंगठ्यावर येणार होता. खाली कैलासांनी डोळे मिटले. तिने भार टाकला. रबराने कातळ धरला. पाय पलीकडे गेला, मग दुसरा.

कैलासांनी डोळे उघडले, तेव्हा ती माथ्याच्या काठावर बसलेली होती.

"काय करतीया?" नथूतात्यांनी विचारले.

शेखरची नजर तीक्ष्ण. "बूट काढतीया, दादा."

खरोखरच, काठावर तिने दोन्ही बूट काढून जोडीने, नीट ठेवले होते. उरलेली सपाट पावले ती अनवाणी चालली, तांदळ्यापुढे वाकली, आणि मग वर्षभराच्या चिंध्या उतरल्या. नवे, भगवे निशाण वाऱ्याला लागले. कैलास ते उघड्या डोळ्यांनी पाहत राहिले.

दोरावरून ती खाली आली तेव्हा वाडीने जयजयकार केला नाही. नथूतात्या म्हणाले, "पायताणाचा धोंडा खाली हाय. तू वर काढलंस."

"दार वर हाय, तात्या."

निशाण बांधणाऱ्याला द्यायचा मानाचा नारळ नथूतात्यांनी तिला दिला नाही. कैलासांच्या हाती ठेवला आणि वळून धुनीपाशी जाऊन बसले. त्यांनी मान आपल्या घरी मागितल्याचे मात्र कोणी ऐकले नाही. कैलासांनी नारळ लेकीच्या ओंजळीत ठेवला. गंगूबाई तिच्या पायांतल्या बुटांकडे बराच वेळ निरखून पाहत होत्या.

"माझ्या मापाचं मिळंल का गं? देवळाच्या पायऱ्यांवर लई घसरतुया."

"मिळंल, आत्या. पर तो दगड पुन्हा न्यावा लागंल."

ज्यांनी रीत जपली त्यांची श्रद्धा अभंग राहो. जिने तिचा अर्थ जपला तिच्या पायांखालचा दगड तिला कधी न सोडो. आणि त्या कड्यावर जो जो चढेल, तो तो देवीला भेटून आपल्या अंगणात सुखरूप परत येवो.