घोड्यावरचा रंगारी

"घोड्यावरून पडलो," असं रंगाऱ्याने सांगितलं आणि समुपदेशक बाईंनी कागदावर 'घोडेस्वारी' लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने ते वाचलं. आमचा घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दुपाखी शिडी, त्याला दाणापाणी लागत नाही, असं तिने सांगितल्यावर बाई हसल्या आणि रंगारीही हसला. पडल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसला.

डोक्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. मेंदू ठणठणीत निघाला, डोकं मात्र ठणकतच राहिलं. चक्कर जाईना. भिंती रंगवण्यात हयात घालवलेला हा गडी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की पांढराफटक पडे. सगळे म्हणाले, आराम करा. त्याने इतका आराम केला की गादीला खड्डा पडला. बायको तासातासाला डोकं कसंय विचारी आणि तो चढलाच, तर घोडा दोन्ही हातांनी धरून उभी राही. ठेकेदार आता आणखी दोनच महिने थांबणार होता. नंतर त्याच्या जागी दुसरा माणूस येणार होता.

"तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणजे मी सोंग करतोय?" रंगाऱ्याने बाईंना विचारलं.

"नाही. चक्कर खरीच आहे. पण मार बरा झालाय आणि धास्ती राहिलीय. ती चक्करेला खतपाणी घालतेय."

बाईंनी आठवड्याला एक पायरी चढायला सांगितलं. वर भीती वाटली तर लगेच खाली यायचं नाही. "आधी भीती उतरू द्या, मग तुम्ही उतरा," त्या म्हणाल्या आणि बायकोकडे वळल्या. "तुम्ही घोडा धरायचा नाही. डोकं कसंय, तेही विचारायचं नाही."

बायकोला रागच आला. बोलायला यांचं काय जातंय, पडला तर निस्तरायचं कोणी?

पण रंगाऱ्याने मनावर घेतलं. पहिल्या पायरीवर तो बावीस मिनिटं उभा राहिला. दुसरीवर मळमळून आलं, तर खाली बादली ठेवून पुन्हा चढला. इतका धीराचा माणूस आपण पाहिला नाही, असं बायकोला वाटलं आणि तिने ते त्याला सांगूनही टाकलं. तो नुसता लाजला.

सातव्या आठवड्यात, घरच्याच खोलीत, तो शेवटच्या पायरीवर पोचला. छताखालची रंगाची पट्टी ओढायची होती. ब्रश उचलला आणि दुसऱ्या हाताने घोडा घट्ट पकडला.

"धर गं जरा."

तिने हात पाठीमागे बांधले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"नाही धरणार. थांबा तिथंच. मी इथंच आहे."

तो थांबला. कपाळावरचा घाम ओघळून मानेवर आला. बऱ्याच वेळाने खांदे सैल पडले आणि त्याने ब्रश टेकवला. रेघ वाकडी आली. त्याने ती फडक्याने पुसली आणि खाली न उतरता पुन्हा ओढायला घेतली.