जावयानं दाखवलेली जागा

पातूरकडच्या खरबडी गावाजवळ तेजोमय वीज केंद्र आलं, तेव्हा नाल्यालाही प्रगतीचे दिवस आले. केंद्रात कोळसा जळायचा, राख तळ्यात साठायची आणि तळ्याचं राखाडी पाणी पाइपातून नाल्यात पडायचं. पाइपाखाली खुशालरावांचं शेत. तिथं मासोळी दिसेना, म्हशी पाण्याला तोंड लावून माघारी फिरत. काठच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळही शिजायला राजी नव्हती.

खुशालरावांनी अर्ज देऊन देऊन अकोल्याहून प्रदूषण खात्याचे साहेब आणवले. पाण्याचा नमुना खराब निघाला तर पाइप बंद होणार होता.

पण साहेब दारी आले आणि रोडगे नाहीत, असं वऱ्हाडात कसं चालेल? खुशालराव कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्यांचा जगरा पेटवून फुंकत बसले. जागा दाखवायला जावई होताच. किशोर केंद्रातच नोकरीला, म्हणजे पाइपाचा माहीतगार. शिवाय घरचा माणूस.

"जावईबापू, सायबाले पाइपाखाली न्या. मी उठलो तं रोडगे करपतीन."

"तुमी बिनघोर राहा, मामाजी."

खुशालराव बिनघोर राहिले. रोडगे मात्र फार सुरेख भाजले.

साहेब खुशीत परतले. "पाणी झकास आहे की हो! देवळामागं जागाही छान."

देऊळ नाल्याच्या वरच्या अंगाला, पाइपाच्याही आधी. तिथवर प्रगती पोचलीच नव्हती.

"देवळामागं?" खुशालरावांच्या हातात तुपाची वाटी तशीच राहिली.

"पाइपापाशी चिखल हाये, मामाजी. सायबाचे बूट भरले असते."

साहेबांनी आपल्या बुटांकडे प्रेमानं पाहिलं, पानावर बसले आणि तांब्याला हात घातला.

"थे नका पिऊ सर, इथल्या विहिरीचं हाये!" किशोरनं झटक्यात पिशवीतून सीलबंद बाटली काढून दिली.

वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन आलेली त्याची बायको रागिणी थबकली. "वर काहून नेलं हो?"

"नोकरी हाये माही," किशोर ताटाकडे पाहत म्हणाला.

"अन् म्हशी माह्या बापाच्या हायेत."

खुशालराव साहेबांपुढे वाकले. "जेवण झालं का पाइपापाशी चाला, सायेब. बूट मी धुऊन देतो."

"आता कसं? नमुन्याला सील लागलं. रोडगे मात्र फक्कड हं!"

वऱ्हाडात जावयाला तुपाचा आग्रह असा होतो, की त्यानं ताटावर आडवा हात धरावा. खुशालरावांनी साहेबांना तूप वाढलं, त्यांच्या ड्रायव्हरला धार धरून वाढलं. किशोरनं सवयीनं ताटावर हात आडवा धरला. वाटी त्याच्यावरून पुढं निघून गेली.