सात पूर्णांक चारचं विरजण

दोघे साडू शेजारी-शेजारी राहायचे आणि दोघांच्या अंगणात एकाच मापाचे पूल होते. फरक होता तो पाण्यात. धाकट्याचा पीएच बारा महिने सात पूर्णांक चार. थोरल्याचा मात्र रुसलेल्या जावयासारखा आठवर चढून बसलेला.

सासूबाईंना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं. रविवारी त्या महिनाभरासाठी येणार होत्या, आणि ज्याच्या पाण्यात डोळे चुरचुरणार नाहीत त्याच्याकडे राहणार होत्या. गेल्या वर्षी थोरल्याच्या पूलमधून त्या लालबुंद डोळ्यांनी निघाल्या आणि थेट धाकट्याकडे गेल्या. तेव्हापासून थोरल्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"अहो, थोडं ॲसिड घाला की," बायको म्हणाली. "धाकटे तेच करतात."

"म्हणूनच घालणार नाही."

त्याने स्वतःचं डोकं चालवलं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तर पूलला का पुरू नये? सोमवारपासून तो रोज पहाटे कुंपण ओलांडून धाकट्याचं पाणी आणू लागला. बारा बादल्या तिकडून आणायच्या, बारा आपल्या पूलमधून काढून झाडांना घालायच्या. मग पीएच तपासायला नळीत पाणी, पाच थेंब औषध, आणि रंग तक्त्याशी ताडायचा. सोमवारी किरमिजी. बुधवारी लाल. शनिवारी चक्क नारिंगी: सात पूर्णांक चार!

"लागलं!" तो ओरडला.

"लागणारच," बायको म्हणाली आणि ॲसिडच्या कॅनचं झाकण घट्ट लावून तिने रबरी हातमोजे काढले. त्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याचे डोळे कुंपणापलीकडे.

तेवढ्यात धाकटा दोन रिकाम्या बादल्या घेऊन दारात हजर.

"साडूबुवा, आमचा पूल आठवडाभर गळतोय. रोज नळाचं पाणी भरतोय, पीएच आठवर गेला. ॲसिड संपलं आणि दुकान उघडणार सोमवारी. म्हटलं, तुमचं दोन बादल्या पाणी विरजणासारखं घालून बघावं. हसू नका हं."

थोरला हसला नाही. जी गोष्ट सुचायला आपल्याला वर्ष लागलं, ती याला एका सकाळी सुचली होती.

रविवारी सासूबाई थोरल्याच्याच पूलमध्ये उतरल्या. "डोळ्यांना काही म्हणजे काही झालं नाही!" टॉवेल गुंडाळत त्या म्हणाल्या. थोरल्याची छाती फुगली. मग त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली.

"अगंबाई, धाकटे बघा! या उन्हात बादल्या वाहतायत बिचारे. किती कष्टाळू!"

थोरल्यानेही बादली उचलली.