साखर घालून परत आलेला डबा

मित्रांनो, माझा तळ गंजून त्याची चाळणी झाली आहे. आज मला पाहून कुणाला केक आठवणार नाही. पण एके काळी मी केकचा डबा होतो, आणि नागपुरातल्या मोहननगरात, सिंधूताईंच्या घरी, नाताळच्या आठवड्यात माझ्याएवढा मान दुसऱ्या कुठल्याच भांड्याला नव्हता.

जन्माने मी वनस्पती तुपाचा डबा. तूप संपल्यावर सिंधूताईंनी मला इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडे नेले. त्याने मला अर्ध्यावर कापले, काठ वळवून ठोकले आणि मी लहान, गोल, चकचकीत होऊन घरी आलो. घरात माझ्याहून मोठा एक डबा आधीपासून होता. तो घरच्यांच्या केकचा. मी शेजाऱ्यांना द्यायच्या केकचा.

ही एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. तेव्हा घरोघरी केक भाजायची सोय नव्हती. घरी सगळे फेटून डब्यात ओतायचे आणि सदर भागातल्या बेकरीत नेऊन द्यायचे. पाव काढून झाले की बेकरीवाले चाचा त्याच भट्टीत सगळ्यांचे डबे सरकवत. डबे सारखेच दिसत, म्हणून त्यांनी खिळ्याने माझ्या काठावर एक चांदणी कोरली होती.

सिंधूताईंची मुलगी प्रेमिला तेव्हा मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होती. समोर गोपाळरावांचे घर. त्यांची कळमेश्वरकडे शेती आणि संत्र्याची बाग. मुलीच्या शाळेसाठी ते शहरात राहत. ती मुलगी सुभद्रा. प्रेमिला आणि सुभद्रा एकाच बाकावर बसत, एकाच रस्त्याने घरी येत. सुभद्राच्या अंगणात गाय होती आणि सिंधूताईंकडे दूध तिथूनच येई. सुभद्राची आई, इंदुताई, ते दूध खूप उंचावरून पातेल्यात ओतत. प्रेमिलाला वाटे, फेस यावा म्हणून.

दर नाताळला मी त्या दारात जाई आणि भरलेलाच परत येई. "अंडं असते ना वं त्याच्यात," इंदुताई हसून म्हणत, "आमच्यात नाही चालत." प्रेमिला हिरमुसून मला घरी आणी.

त्या साली प्रेमिलाने ठरवले की सुभद्राने आपला केक खाल्लाच पाहिजे. नाताळ तसा शांतच होता. वडील विश्वनाथ रेल्वेत फिटर. त्यांना नाताळच्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. प्रेमिलाने मला राखेने घासले, उकळत्या पाण्यातून काढले आणि माझ्यासाठी वेगळे पीठ भिजवले. त्यात अंडे नाही, दही घातले. सुभद्राच्याच बागेतून आलेल्या संत्र्यांची साल साखरेत मुरवून घातली. साखर रेशनची, तिने महिनाभर चहा बिनसाखरेचा प्यायला होता. तळाला तूप लावलेला गोल कागद घातला आणि त्यावर पेन्सिलीने माझ्या काठावरच्यासारखी चांदणी काढली.

सिंधूताई चुलीपाशी बसून हे सगळे पाहत होत्या. 

बेकरीत प्रेमिला म्हणाली, "चाचा, इसको अंडेवाले डब्बों से अलग रखना हां."

चाचा हसले. "अलग रख देता हूं बेटी. पर भट्टी तो एकच है. आग को क्या मालूम किसमें अंडा है?"

नाताळच्या सकाळी देवळातून, म्हणजे चर्चमधून, आल्यावर प्रेमिलाने माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि ती समोरच्या दारात उभी राहिली.

"काकू, यंदा अंडं नाही. दह्याचा केला. तुमच्यासाठी वेगळा."

इंदुताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी रुमालावरूनच धरून मला उचलले. "बरं बाई. एवढं कराचं काय काम होतं?"

प्रेमिला जवळजवळ पळतच घरी गेली.

मित्रांनो, पुढचे आमच्या घरातून मी एकट्यानेच पाहिले. त्या घराच्या स्वयंपाकघराचा उंबरा मी ओलांडलाच नाही. इंदुताई मला घेऊन परसातून थेट गोठ्यात गेल्या. मागोमाग सुभद्रा आली.

"आई, मी जराकसा खाऊ? वास पाह्य ना किती चांगला येऊन राहिला!"

"गप बस. हात लावू नको."

"अंडं नाही म्हणते ना ते प्रेमिला."

"अंड्याचं कोण पुसून राहिलं? हात कोणाचा आहे ते पाह्य. किरिस्तावांच्या देवळात गेले म्हणून त्यांची जात काय धुऊन निघाली? घेतलं नाही तर पोरगी उद्या पुन्हा काही नवीन करून आणन, म्हणून घेतलं."

त्यांनी मला गव्हाणीत उलटे केले. केक तळाच्या कागदासकट खाली पडला. गाईने तो हुंगला आणि खाल्ला. सुभद्रा बघत उभी राहिली. मग मला तीनदा राखेने घासून उन्हात वाळवले. शेजारचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, ही रीत इंदुताई विसरल्या नाहीत. त्यांनी वरून साखर ओतून मला काठोकाठ भरले.

दुपारी सुभद्रा मला घेऊन आली. ती अंगणातल्या ओट्याखालीच थांबली.

"कसा झाला होता वं?" प्रेमिलाने विचारले.

"लई मस्त. आईनं तर दोन तुकडे खाल्ले."

"आत ये ना. करंज्या खाऊ."

"नाही वं. घरी काम आहे."

त्या संध्याकाळी प्रेमिला गुणगुणत होती. कामावरून आलेल्या विश्वनाथांना तिने दोनदा सांगितले की काकूंनी दोन तुकडे खाल्ले. माझ्यातल्या साखरेचा चहा झाला आणि घरातल्या सगळ्यांनी तो प्यायला. प्रेमिलाने दोन चमचे साखर जास्त घेतली. मी पत्र्याचा. मला ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात दुधाचे पातेले होते आणि दुसऱ्या हातात शेणाने भरलेला, चावलेला एक गोल कागद. त्याच्यावरची चांदणी अर्धी शाबूत होती.

"हे गव्हाणीत होतं," ती म्हणाली.

सिंधूताईंनी कागद पाहिला आणि पुन्हा चुलीकडे तोंड केले. "अंडं नव्हतंच वं ते बाई. अंडं म्हणजे बोलाचं निमित्त होतं."

"तुले माहीत होतं? मंग काहून करू दिला मले?"

"मले वाटलं, एखादे वेळेस खातीनही. तू इतकी साखर वाचवली होती."

"आणि सुभी म्हणे मस्त झाला!"

सिंधूताईंनी पातेले चुलीवर चढवले. दूध उतू जाऊ नये म्हणून त्या पातेल्याकडे बघत राहिल्या.

तो सबंध आठवडा प्रेमिला घराबाहेर पडली नाही. मैत्रिणी आल्या, तेव्हा तिने डोके दुखते म्हणून सांगितले. नव्या वर्षाच्या सकाळी मात्र तिने मला उतरवले. माझ्यात वाटाण्याची टरफले भरली, कोबीची वरची पाने, मुळ्याचा पाला. वर तोच क्रोशाचा रुमाल घातला.

दार सुभद्राने उघडले. मागे इंदुताई होत्या.

"नव्या वर्षाचं," प्रेमिला म्हणाली.

सुभद्राने रुमाल उचलला. "हे काय वं?"

"तुमच्या गाईसाठी आहे. केकानं तिचं पोट बिघडन."

"पाहा पोरीची जबान!" इंदुताई म्हणाल्या. "शाळेत हेच शिकवतात काय?"

सुभद्राचा चेहरा पांढरा पडला. तिने मला घेतले, गोठ्यात नेऊन स्वतःच्या हाताने रिकामे केले. परत आली तोवर सवयीने इंदुताईंचा हात साखरेच्या बरणीकडे गेला होता.

"राहू दे, आई," सुभद्रा म्हणाली.

तिने मला तसेच प्रेमिलाच्या हातात दिले. त्या दारातून मी पहिल्यांदाच रिकामा परत आलो.  मॅट्रिक होईपर्यंत त्या त्याच रस्त्याने शाळेत गेल्या, एक पुढे आणि एक बरीच मागे.

माझ्यात पुन्हा केक झाला नाही. आधी भाजीची साले, मग विश्वनाथांचे खिळे, मग कोंबड्यांचे पाणी. पाण्याने गंज धरला. आता मी भिंतीलगत पालथा पडलेला असतो.

मित्रांनो, मला घासून चकचकीत करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो. शेजारून कुणी मनापासून काही पाठवले आणि तुम्हांला ते खायचे नसेल, तर तसे दारातच सांगा. भांडे भरलेलेच परत जाऊ द्या. देणाऱ्याला वाईट वाटेल, पण तो तेवढे सोसेल. त्याचे अन्न गोठ्यात टाकून भांड्यात साखर तेवढी भरू नका. कारण ती साखर समोरच्या घरात खरी समजून खाल्ली जाते.